कोणतं मुरूड

आमचंही गाव मुरूडच,
पण किल्ला नसलेलं, लाट नसलेलं,
लातूर-बार्शी रस्त्यावरचं.
फोनवर मुरूड टाकलं की आधी समुद्रच उघडतो.
आमची बाजारपट्टी बोटानं खाली खाली सरकत गेल्यावर लागते.

त्या मुरूडला जायचं ठरलं होतं.
बचत गटाच्या अकरा जणी, टेम्पो ट्रॅव्हलर, दोन मुक्काम.
नसीमा मणियारनं खास ड्रेस शिवून घेतलेला,
सलवार गुडघ्यापर्यंत दुमडता येईल असा.
मग एकीच्या सासूचं खुब्याचं हाड मोडलं,
एकीच्या पोराचा पेपर आला,
एकीनं नुसतंच फोन उचलणं बंद केलं.
उरलो दोघी.

दोघींसाठी समुद्रापर्यंत गाडी कोण काढतंय?
"मग तेरला चल," नसीमा म्हणाली,
"दुकान बंद ठेवलंच हाय. आता उघडलं तर लोक हसतील."

तेरला उतरलो तेव्हा दहाचं ऊन.
एका म्हाताऱ्यानं सायकल भिंतीला लावली
आणि न विचारताच पुढं चालू लागला.
त्रिविक्रमाचं देऊळ: पाठमोरा बसलेला हत्ती.
विटा, विटा, विटा,
एवढ्या जुन्या की आपण मोठ्यानं बोलू नये वाटतं.
"इथल्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात म्हणतात," तो म्हणाला.
"आणा बादली," नसीमा.
"तसं करू देत न्हाईत, बाई."
"मग सांगता कशाला?"
तो हसला नाही. सायकलीकडं बघत राहिला.

संग्रहालयात पंखा होता, म्हणून आधी पंख्याखाली उभ्या राहिलो.
मणी. मातीच्या बायका, कुणाला हात नाही, कुणाला नाक.
आणि एका कपाटात, पांढऱ्या चिंधीवर,
शंखाच्या बांगड्यांचे तुकडे.

नसीमा काचेला नाक लावून उभी राहिली.
तीस वर्षं दुसऱ्यांचे हात दाबून बांगड्या चढवणारी बाई.
"ही दोन-चारची," ती म्हणाली. "ही दोन-सहा.
ही तर पोरीची गं, आठ-नऊ वर्षांची असंल."
मी म्हटलं, अर्ध्या तुकड्यावरून कसं कळतं?
तिनं माझं मनगट धरलं, अंगठ्यानं हाड चाचपलं.
"दोन-आठ," म्हणाली, आणि सोडून दिलं.

म्हातारा सांगत होता:
इथून बैलगाड्या निघायच्या, बंदरापर्यंत,
तिथून जहाजानं माल पार परमुलखात.
"आणि शंख?"
"शंख तिकडून यायचे."
नसीमाचा हिशेब सुरू झाला.
"मला फिरोजाबादचा माल येतो, भुश्शात गुंडाळून,
तरी डझनामागं दोन फुटतात.
बैलगाडीत किती फुटत असतील?
आणि फुटीचे पैसे कुणाचे, आणणाऱ्याचे का विकणारीचे?"
त्याचं उत्तर कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नव्हतं.
आम्ही दोनदा बघितलं.

तेरणेत घोट्याएवढं पाणी, वर हिरवी साय.
पलीकडं एक म्हैस, नाकपुड्या तेवढ्या बाहेर.
नसीमानं चपला काढल्या,
सलवार मोजून दोन घड्या वर दुमडली
आणि उभी राहिली मधोमध,
पाठ माझ्याकडं करून, पुष्कळ वेळ.
मी डब्यातली धपाटी काढली, चटणी सांडली, पुसली.
ती वळेना.

तेवढ्यात तिच्या इरफानचा फोन, हैदराबादहून.
बेत मोडल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
स्पीकरवर त्याचा आवाज पाण्यावर पसरला:
"अम्मी, पोचलीस का? समुद्र केवढाय?"
नसीमा जरा थांबली.
"दोन-चार," म्हणाली.
"काय?"
"ऐकू येईना रे इथं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

उन्हं कलताना चौकात सिक्स-सीटरवाला
टपावर थापा मारत ओरडत होता,
मुरूड, मुरूड, मुरूड!
आम्ही जाऊन बसलो.
नसीमाचे पाय अजून ओले होते,
आणि तिनं ते पुसले नाहीत.